एकुलतीची ओळख

मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी

आज सूनबाईने एकुलतीचे पान पुन्हा मागितले. गेल्या महिन्यापासून ही मागणी वारंवार होत आहे. प्रथम एक कोवळे पान नेले, मग एक जून पान नेले, आणि आज म्हणते की उंच फांदीवरचे हवे. मी स्वतः शिडी लावून काढून दिले, कारण त्या झाडाला परक्याची कात्री लागलेली मला खपत नाही. पान हातात घेताना ती माझ्याकडे न पाहता देठाकडेच पाहत राहिली.

मी या उद्यानाच्या सेवेतून निवृत्त झालो त्याला बराच काळ लोटला. तथापि एकुलतीची देखभाल माळीबुवांकडेच, म्हणजे माझ्याकडेच, राहावी, असा आदेश आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु हा आदेश कोणी दयेने दिलेला नाही. आमचे थोरले साहेब, ज्यांनी हे उद्यान उभे केले आणि जे आता हयात नाहीत, त्यांनी पलीकडच्या डोंगरातून या झाडाच्या काटक्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. पुढे डोंगराचा तो भाग खाणीत गेला आणि मूळ झाडेही गेली. त्या काटक्यांपैकी एकच काय ती जगली, आणि ती मी बांधलेल्या कलमावर जगली. झाडासमोरच्या पाटीवर लिहिले आहे की या जातीचे हे एकमेव ज्ञात झाड होय. शास्त्रीय नाव लांबलचक आहे. आम्ही तिला एकुलती म्हणतो.

तिच्या फांद्यांना गुटी बांधून, म्हणजे साल सोललेल्या जागी ओले शेवाळ गुंडाळून मुळे फोडून, मी रोपे तयार केली आहेत. पुढील महिन्यात गाडी येईल आणि रोपे डोंगरावर, त्यांच्या मूळ स्थानी, परत जातील. पहिले रोप मी लावावे असे संचालिकाबाईंनी कळवले आहे. त्याकरिता मी कोट शिवून घेतला आहे.

सूनबाई उद्यानाच्याच प्रयोगशाळेत कामाला आहे. तेथे सध्या प्रत्येक झाडाचे पान कुटून त्याच्यातील डीएनएचा एक ठरावीक तुकडा यंत्रावर वाचतात आणि माहीत असलेल्या जातींच्या तुकड्यांशी जुळवून पाहतात. तिने मला समजावून सांगितले होते, "साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात ना बाबा, दुकानातलं यंत्र त्या बघून साबण कुठला ते सांगतं. तसंच पानाचं." मी म्हणालो, साबण ओळखायला मला रेघा लागत नाहीत, वास पुरतो. यावर पूर्वी ती काहीतरी तिखट बोलली असती. हल्ली नुसती हसते.

गुरुवार, ता. ६ फेब्रुवारी

सूनबाई जेवली नाही म्हटले तरी चालेल. चिरंजिवाला विचारले तर तो म्हणाला, "तिचं कामात काहीतरी अडकलंय, तुम्ही विचारू नका." माझ्या घरात मी कोणास काय विचारावे हे आता मुलगा ठरवणार. मी विचारले नाही. परंतु ताटावरून उठण्यापूर्वी एवढे सांगितले की कामाचे ओझे कार्यालयाच्या दाराशी उतरवून मग घरात यावे. आयुष्यभर मी तसेच केले. चिरंजीव म्हणाला, "तुम्ही? तुम्ही तर झाडाला ताप आला तरी आम्हाला जेवू द्यायचा नाहीत." हा निव्वळ अतिशयोक्तीचा प्रकार आहे.

नंतर मात्र एक समाधानाची गोष्ट घडली. भांडी आवरताना सूनबाईने आपणहून विचारले की एकुलतीचे कलम केले तेव्हा खुंट कोणत्या झाडाचा घेतला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने माझ्या विद्येविषयी प्रथमच आस्था दाखवली. मी तिला सविस्तर सांगितले. दुर्मीळ झाडाची काटकी नुसती जमिनीत रोवून जगत नाही. तिला दुसऱ्या एखाद्या काटक, मूळ धरलेल्या रोपावर बसवावे लागते. त्या खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंट आणि काटकी एकाच गोत्राची असावी लागतात. एकुलतीचे जवळचे नातलग म्हणजे नाल्याकाठी माजणारे कडूपान. त्याला गुरेही तोंड लावत नाहीत. पण मुळे चिवट. म्हणून मी कडूपानाचा खुंट घेतला. दोघांची पाने इतकी सारखी की अनाडी माणूस फसेल.

"आणि खुंटाला खालून फूट येते का?" तिने विचारले.

येतेच, मी म्हणालो. खुंटाला आपले डोके वर काढायचे असते. ती फूट दिसताक्षणी खुडावी लागते, नाहीतर नोकर मालकाला गिळतो.

"आणि तुम्ही नसलात तर?"

मी नसणे हा प्रकारच नव्हता, असे मी तिला सांगितले. पाय मोडून रुग्णालयात पडून राहिलो तेवढा काळ सोडला तर मी रजा घेतलेली नाही. परत आलो तेव्हा एकुलती हिरवीगार उभी होती. जणू माझीच वाट पाहत होती. हे ऐकून सूनबाईचे डोळे भरून आले. ती हळवी आहे हे मला ठाऊक नव्हते.

रविवार, ता. ९ फेब्रुवारी

आज सुटीचा दिवस असूनही सूनबाई उद्यानात आली. चारही बाजूंच्या फांद्यांची पाने तिने घेतली, सालीचा एक कपचा घेतला, आणि नंतर बुंध्याजवळ बसून बोटांनी आळ्यातील माती उकरू लागली. मी तिला तत्काळ थांबवले. मुळाशी ओरखडे काढण्याची सवय उंदरांना शोभते, असेही म्हणालो. दरवर्षी शेणखत व गाळाची माती घालून मी ते आळे उंच करत आणले आहे. ते काही प्रयोगासाठी नव्हे.

ती उठली. हात झटकत म्हणाली, "बरं बाबा." माझी झारी तिने नळाखाली धरून भरून दिली आणि गेली.

इतकी पाने कशाला लागतात? भाताचे एक शीत चाचपले की पातेले कळते. यांना सारे पातेलेच उपसायचे आहे.

शनिवार, ता. १५ फेब्रुवारी

उद्यानातील झाडांच्या गळ्यात नव्या पाट्या आल्या. प्रत्येक पाटीवर नाव आणि खाली काळ्या रेघांची ओळ. फणसाला मिळाली, रबराच्या झाडाला मिळाली, प्रवेशद्वाराजवळच्या त्या निरुपयोगी शोभेच्या ताडालाही मिळाली. एकुलतीला नाही.

दारावरच्या पहारेकऱ्याला सारे हवालदार म्हणतात, जरी तो कधी हवालदार नव्हता. तो म्हणाला, "माळीबुवा, सगळ्यांच्या गळ्यात पडल्या, तुमची लेक तेवढी बिनलग्नाची राहिली." मी त्याला सांगितले की स्थळ तोलामोलाचे हवे, म्हणून विलंब होतो. त्याच्यासमोर मी हसलो. परंतु घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले.

सूनबाईस विचारले असता म्हणाली, नमुना यंत्रावर नीट वाचला गेला नाही. मी म्हणालो, फणसाचा वाचला जातो, ताडाचा वाचला जातो, मग हिचाच का नाही? ती म्हणाली, कधीकधी होते असे. आपल्याला नाचता येत नाही म्हणून अंगण वाकडे म्हणणारे लोक मी खूप पाहिले आहेत. ही तर यंत्रालाच वाकडे म्हणते. चिरंजीव मध्ये बोलू लागला, तिने त्याला डोळ्यांनी गप्प केले.

आज दोन वेळा बुंध्याशी जाऊन आलो. कारण काहीच नव्हते.

मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी

गाडी पुढे ढकलण्यात आली आहे. संचालिकाबाईंच्या कार्यालयात मी तारीख विचारण्यास गेलो, तेव्हा त्यांनी मला बसावयास सांगितले आणि म्हणाल्या की प्रयोगशाळेची विनंती आहे, एकुलतीची ओळख निश्चित होईपर्यंत रोपे हलवू नयेत. मी विचारले, विनंती कोणाची? त्या म्हणाल्या, "तुम्हाला घरी बोलली नाही का ती?"

कुंपणाने शेत खावे ते असे. थोरल्या साहेबांनी ज्या झाडापुढे टोपी काढली, त्याची ओळख निश्चित व्हावयाची आहे! आणि हे ठरवणार कोण, तर माझ्याच घरी माझ्याच ताटाशेजारी जेवणारी मुलगी.

घरी मी तिला एवढेच विचारले की हे खरे आहे काय. ती म्हणाली, "हो बाबा. थोडे दिवस थांबा. चुकीचं काही डोंगरावर जायला नको." चुकीचे! मी पुढे ऐकण्यासाठी थांबलो नाही. चिरंजीव माझ्यामागे माझ्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" मी म्हणालो, तिच्या जागी मी असतो तर नमुने नीट सांभाळले असते. या वाक्यासरशी मला उलगडा झाला. दिवसभर शेकडो नळ्या हाताळणाऱ्याच्या हातून एखादी नळी इकडची तिकडे होणे किती सोपे आहे!

बुधवार, ता. १९ फेब्रुवारी

संचालिकाबाईंना अर्ज दिला. त्यात लिहिले की एकुलतीचे नमुने हाताळताना हयगय होऊन त्यांची सरमिसळ झाल्याचा मला दाट संशय आहे; सबब हे काम संबंधित व्यक्तीकडून काढून बाहेरच्या जाणकाराकडे सोपवावे; आणि संबंधित व्यक्ती ही माझी सून असली तरी नात्याचा विचार मी केलेला नाही. अक्षर उत्तम उतरले. दिल्यानंतर बरे वाटेल अशी अपेक्षा होती.

शुक्रवार, ता. २१ फेब्रुवारी

संचालिकाबाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. माझा अर्ज टेबलावर होता. सूनबाईने तो वाचला, घडी घातली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाईंनी तिला विचारले की नमुने खरोखर बदलले गेले असतील काय. मला वाटले, आता ती वाद घालील. मी उत्तरे तयार ठेवली होती. परंतु ती म्हणाली, "झाले असतील. बाबांना शंका आहे ना, मग पुन्हा होऊ दे. फक्त माझ्या हातून नको."

"तुला खात्री आहे तू काय म्हणतेयस याची?" बाई म्हणाल्या.

"हो मॅडम. आणि तोपर्यंत रोपं इथेच राहू देत."

बाईंनी माझा अर्ज उचलून खणात ठेवला. नंतर त्यांनी तिला यंत्रावरून काढून वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटाकडे नेमले. तेथे कागदावर चिकटवलेल्या जुन्या पानांची धूळ झटकण्याचे काम असते. बाहेरून एक तपासनीस बोलावण्याचे ठरले.

अशा रीतीने माझा संशय खरा ठरला. घरी आल्यावर मी सूनबाईला सांगितले की चूक मान्य करण्यास धैर्य लागते, आणि मी तिला क्षमा केली आहे. तिने मान डोलावली. चिरंजीव जेवणावरून उठून गेला. तिने नित्याप्रमाणे माझी रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. पेला नेहमी ठेवते त्याच जागी ठेवला. मी तो पेला उगाच दुसरीकडे सरकवला, आणि पुन्हा जागेवर आणला.

मंगळवार, ता. २५ फेब्रुवारी

तपासनीस आला. सडपातळ, मितभाषी, सारखा चष्मा पुसणारा गृहस्थ. मला काका म्हणतो. मी त्याला स्पष्ट सांगितले की यंत्राची परीक्षा घेतल्यावाचून मी यंत्राचा निकाल मानणार नाही. तो म्हणाला, "घ्या की काका. कशी घेणार?"

माझी योजना मी आधीच आखली होती. तीन पाकिटे मी स्वतः भरणार. एकात एकुलतीचे पान, एकात नाल्याकाठच्या कडूपानाचे, एकात फणसाचे. कोणत्या पाकिटात काय हे माझ्याशिवाय कोणालाही कळणार नाही. जर यंत्राने एकुलती आणि कडूपान निराळी काढली, तर यंत्र प्रामाणिक आणि सूनबाईचा हात चुकलेला. जर दोन्हींची गल्लत केली, तर यंत्र कुचकामी. तपासनिसाने चष्मा पुसून विचारले की तिसरी शक्यता नाही का. मी म्हणालो, नाही.

एका पाकिटाचा कोपरा दुमडला, एकावर नखाने रेघ ओढली, तिसरे तसेच ठेवले. खुणा माझ्या डोक्यात आहेत. कोठेही लिहिलेल्या नाहीत, येथेही नाही.

त्याने माझ्यासमोर काम सुरू केले. पानाचा तुकडा खलात घालून कुटला, नळीत औषधे घातली, चक्रात घालून गरागरा फिरवली. शेवटी नळी उजेडाकडे धरून म्हणाला, "हे बघा, हा डीएनए." पाण्यात कापसाचा एक तंतू तरंगावा तेवढेच होते. एवढ्याशा वस्तूत झाडाचे सारे गोत्र असते म्हणे. मी विचारले, सगळ्यांचा असाच दिसतो काय? तो म्हणाला, दिसायला सगळ्यांचा असाच. वाचल्यावर फरक कळतो.

परतताना कपाटांच्या खोलीवरून आलो. सूनबाई तोंडाला रुमाल बांधून कागद झटकत होती. थोरल्या साहेबांनी वाळवून ठेवलेले एकुलतीचे मूळ पान तिच्यासमोर होते. मला पाहून तिने ते पुढे केले नाही, लपवलेही नाही. मी घाईत असल्याप्रमाणे पुढे निघालो. मला घाई नव्हती.

शुक्रवार, ता. ७ मार्च

निकाल लागला.

तपासनिसाने तिन्ही पाकिटे टेबलावर मांडली. बिनखुणेचे पाकीट, ते फणस. बरोबर. दुमडलेले आणि रेघेचे, ही दोन्ही एकच जात. दोन्ही कडूपान. थोरल्या साहेबांच्या वाळलेल्या पानाचा तुकडा पूर्वीच वाचलेला होता. तो या दोहोंपैकी कोणाशीही जुळत नाही. तो स्पष्ट निराळा आहे. म्हणजे यंत्राला दोन जाती निराळ्या ओळखता येतात.

"आता सांगा काका," तो म्हणाला, "कुठल्यात काय होतं?"

संचालिकाबाई होत्या. सूनबाईलाही बोलावले होते. ती दाराशी उभी होती. मी म्हणालो, उद्यानातून एकदा पाहून येतो आणि सोमवारी सांगतो. बाई काही म्हणणार होत्या. सूनबाई म्हणाली, "सोमवारी चालेल ना, मॅडम." एवढे बोलून ती कपाटांकडे गेली.

शनिवार, ता. ८ मार्च

सकाळी खुरपे घेऊन एकुलतीचे आळे उकरले. दरवर्षी मीच घातलेली माती मीच बाहेर काढली. हवालदार विचारू लागला की काय हरवले. मी त्याला दारावर परत पाठवले.

कलमाचा सांधा मला डोळे मिटूनही ओळखता येतो, कारण सुरीचा तो तिरपा छेद माझाच असतो. तो सापडला. मातीखाली बराच खाली होता. त्याच्या वर त्या काटकीचा अंगठ्याएवढा वाळका बुडखा होता. भोवतीच्या सालीने त्याला जवळजवळ गिळले होते. बोट लावताच तो चुरा होऊन हातात आला. एकुलती एवढीच होती. आणि ज्याला मी आजवर खोड म्हणत आलो, ते सांध्याच्या खालून, कुशीतून, वर आलेले आहे.

रुग्णालयातून परत आलो तेव्हा ती हिरवीगार उभी होती.

तेथेच मातीत बसून राहिलो. गुडघ्यांमुळे उठणे कठीण गेले, असे म्हणता येईल.

दुपारभर खोलीत फेऱ्या मारल्या. खुणा केवळ मला ठाऊक आहेत. मी असे म्हणू शकतो की तपासनिसाची परीक्षा पाहण्याकरिता मी दुमडलेल्या आणि रेघेच्या, दोन्ही पाकिटांत नाल्याकाठचेच पान घातले होते. यंत्र परीक्षेत उतरले. आता एकुलतीचे पान नव्याने घ्यावे. मग पुन्हा काही आठवडे जातील. कोणी सांगावे, तोवर मीही नसेन. पाटी राहील. हे वाक्य मी मनात शुद्ध भाषेत रचून पाहिले. ते निर्दोष होते. त्यात फक्त एक गोष्ट राहून जात होती, ती म्हणजे कपाटांच्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून बसलेली मुलगी. पाटी राहावयाची तर तिलाही तेथेच राहावे लागेल.

सूनबाईने चहा आणून ठेवला. माझ्या नखांतली माती तिने पाहिली. तांब्याभर गरम पाणी व साबण आणून ठेवला आणि दार ओढून घेतले.

सोमवार, ता. १० मार्च

नवा कोट घालून गेलो. तो डोंगरावर जाण्यासाठी शिवलेला होता. परंतु आजचे कामही तेवढेच औपचारिक होते.

मी उभा राहून सांगितले. दुमडलेले पाकीट एकुलतीचे, रेघेचे पाकीट नाल्याकाठचे. दोन्ही एकच आहेत, कारण उद्यानातील झाडही कडूपानच आहे. कलम मेले आणि खुंट वाढला. हे मी आळे उकरून स्वतः पाहिले आहे. नमुन्यांत कोणतीही सरमिसळ झाली नव्हती. कोणाच्याही हातून हयगय झाली नव्हती.

तपासनिसाने चष्मा काढला आणि पुसला नाही.

मी माझा अर्ज परत मागितला. बाई म्हणाल्या की त्याची आता आवश्यकता नाही, त्या तो फाडून टाकतील. मी म्हणालो, तक्रार कागदावर केली आहे, तोंडाने मागे घेता येणार नाही. त्यांनी कागद पुढे केला. खाली लिहिले की वरील आरोप सर्वस्वी निराधार असून तो केल्याबद्दल मी संबंधित व्यक्तीची माफी मागतो. 'संबंधित व्यक्ती' हे शब्द खोडले आणि 'माझ्या सुनेची' असे लिहिले. खाडाखोड झालेला कागद मी आजपर्यंत कोणाच्या हाती दिलेला नव्हता.

घरी आम्ही दोघे बरोबर चालत आलो. वाटेत मी विचारले, "तुला केव्हापासून ठाऊक होते?"

"जानेवारीपासून."

"मग सांगितले का नाहीस?"

"सांगायलाच यायचे, बाबा. दर वेळी तुम्ही पाणी घालत असायचात."

पुढे एक सायकलवाला आडवा आला म्हणून आम्हांला थांबावे लागले. मी म्हणालो की निदान अर्ज केला तेव्हा तरी बोलावयास हवे होते. ती म्हणाली, "तेव्हा मी चिडले होते. म्हटलं, एवढा ताठा आहे ना, आता मशीनच सांगू दे यांना." आणि मग लगेच, "सॉरी."

मी म्हणालो, योग्य केलेस. आश्चर्य म्हणजे तिच्या चिडण्याने मला जितके हलके वाटले तितके तिच्या नम्रपणाने या महिनाभरात कधी वाटले नव्हते.

सोमवार, ता. २४ मार्च

पाटी मी स्वतः उतरवली. गुटीची रोपे नाल्याच्या ढासळत्या उतारावर लावून टाकली, माती धरतील. झाडाच्या गळ्यात रेघांची नवी पाटी आली, तीवर कडूपान असे आहे. हवालदाराने ती वाचली आणि प्रथमच त्याला विनोद सुचला नाही. त्याला अवघडलेले पाहून मीच म्हणालो, "लग्न लागले एकदाचे. स्थळ साधे आहे."

सूनबाई पुन्हा यंत्रावर गेली. गेल्या आठवड्यात तिने संचालिकाबाईंकडे नवीनच मागणी केली. खाणीच्या वरच्या अंगाला कड्यात जे जंगल शिल्लक आहे, तेथील प्रत्येक कडूपानासारख्या दिसणाऱ्या रोपाचे पान वाचून पाहावे. इतकी वर्षे जो तो त्यांना कडूपान समजून पुढे जात असेल. कोण जाणे, त्यांत एखादी एकुलती असेल. बाईंनी परवानगी दिली. चिरंजीव कुरकुरला की इतके दिवस घर कसे चालायचे. मी म्हणालो, चालेल. चहा मी करीन.

ती शनिवारी गेली. चहा काल पाण्यासारखा झाला आणि आज कडू झाला. चिरंजीव तो दोन्ही वेळा निमूटपणे प्यायला. आज मात्र कप ठेवताना म्हणाला, "बाबा, ती कधी येणार आहे?"

संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडे वारा होता, आवाज तुटत होता. कड्याच्या कपारीत तिला रोपे सापडली आहेत. ती म्हणाली, "पान अगदी थोरल्या साहेबांच्या पानासारखं आहे, बाबा. मागच्या बाजूला बारीक लव आहे. पण शेजारी कडूपानही आहे. मी अजून काही म्हणत नाही."

"म्हणू नकोस," मी म्हणालो. "नुसते पाहून काही म्हणू नये. आधी वाच."

तिकडे ती हसली. मग फोन तुटला.

नंतर माझ्या ध्यानात आले की ती जेवली की नाही, कोठे उतरली आहे, रात्री अंगावर घेण्यास काही आहे की नाही, यांपैकी काहीच मी विचारले नाही. पानाविषयीच बोललो. खोलीत दोन-चार फेऱ्या झाल्यावर चिरंजीव म्हणाला, पुन्हा लावून देऊ का फोन? मी नको म्हणालो.

मग हो म्हणालो.